नानांच्या गाडीत बापूंचा फोन

जुन्या गाडीत टचस्क्रीन बसवायला आलेलं गिऱ्हाईक आधी एकच गोष्ट विचारतं, "गाडी कापावी लागेल का हो?" विचारताना एक हात बॉनेटवर ठेवलेला असतो. मी म्हणतो, "थोडी." मग ते गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहाला जातं आणि काम संपेपर्यंत तिकडेच थांबतं. त्याला बघवत नाही.

माझं नाव सादिक. जळगावात, मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान आहे. आधी गाड्यांमध्ये कॅसेट प्लेअर बसवायचो, मग सीडीवाले, आणि आता ही स्क्रीन. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला टेपसाठी एक अरुंद खाच असते आणि नवी स्क्रीन असते ताटाएवढी. ती खाच मोठी करायची, भोवती प्लॅस्टिकची चौकट बसवायची आणि मागच्या गुंत्यातली प्रत्येक तार बरोबर तारेला जोडायची, एवढंच काम. पिवळी तार थेट बॅटरीची, लाल तार किल्लीची. या दोघींची अदलाबदल झाली की गाडी बंद केल्याबरोबर स्क्रीन सगळं विसरते, अगदी भाषासुद्धा. मग दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फोन करतं, "सादिकभाऊ, गाडी चिनी बोलायला लागली."

या स्वस्त स्क्रीनला स्वतःची अक्कल फारशी नसते. नकाशा, गाणी, फोन, सगळं तुमच्या मोबाइलमधलंच. स्क्रीन ते मोठं करून दाखवते आणि गाडीच्या स्पीकरमधून मोठ्याने ऐकवते. लोकांना वाटतं, मी त्यांच्या गाडीला मेंदू बसवला. मी कशाला नाही म्हणू?

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटतात. एका माजी सरपंचांनी मागचा कॅमेराही बसवून घेतला. हा कॅमेरा रिव्हर्स गियर टाकला की सुरू होतो, म्हणजे गाडी मागे घेताना मागचं दिसतं. सरपंच म्हणाले, "मला कायम चालू पाहिजे." मी म्हटलं, "पुढे जातानाही?" ते म्हणाले, "पुढचं काचेतून दिसतंच की. मागून कोण येतंय ते महत्त्वाचं." दुसऱ्या एका बाईंनी दसऱ्याला गाडीबरोबर स्क्रीनचीही पूजा केली. ओल्या कुंकवाने तिच्यावर स्वस्तिक काढलं. बोट फिरेल तिथे बटणं दाबली गेली आणि गाडीने परस्पर बाईंच्या विहिणीला फोन लावला. बाई त्या वेळी नवऱ्याला नेमकं विहिणीबद्दलच काहीतरी सांगत होत्या. दोन दिवसांनी दुकानात येऊन हळूच विचारतात, "भाऊ, हिचे कान बंद करता येतात का?"

पण मला खरं सांगायचंय ते अमळनेरच्या नाना आणि बापूंबद्दल.

दोघे सख्खे भाऊ. नाना मोठे, तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बापू धाकटे, त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. घर एकच, अंगण एकच, दारं दोन. वडिलांनी ठेवलेली जुनी पांढरी गाडीही एकच, आणि ती दोघांची. तर काही वर्षांपूर्वी सगळे मिळून पद्मालयाच्या गणपतीला निघाले. एरंडोल सोडल्यावर एका फाट्यावर नाना म्हणाले उजवीकडे, बापू म्हणाले डावीकडे. गाडी डावीकडे वळली आणि पुढे नाल्याच्या चिखलात रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत संध्याकाळ झाली. दर्शन राहिलं, घरून नेलेलं भरीत आंबलं.

नाना म्हणाले, "उजवीकडून गेलो असतो तर एव्हाना आरती मिळाली असती."

बापू म्हणाले, "उजवीकडून गेलो असतो तर एव्हाना मध्य प्रदेशात असतो."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एक दिवस गाडी नानांची, एक दिवस बापूंची. रविवारी गाडीलाही सुट्टी. किल्ली अंगणातल्या खिळ्यावर. डिझेल संपलं, चाक पंक्चर झालं, असले निरोप नानांच्या पत्नी अक्का इकडून तिकडे पोहोचवायच्या.

एके दिवशी नाना गाडी घेऊन माझ्याकडे जळगावला आले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "तुझ्या त्या स्क्रीनमध्ये नकाशा येतो ना?"

"येतो की."

"पद्मालयाचा रस्ता दाखवतो?"

"दाखवतो."

"उजवीकडचा?"

"नाना, जो असेल तो दाखवतो."

"असेल तो म्हणजे उजवीकडचाच. बसव."

मी म्हटलं, "तेवढ्यासाठी गाडी कशाला कापायची? तुमच्या मोबाइलवर आत्ता बघू."

नाना म्हणाले, "मोबाइलवर बारीक दिसतं. त्याला लांबून दिसलं पाहिजे."

मग मी बसवली. चांगली नऊ इंची, मागच्या कॅमेऱ्यासकट. नानांचा फोन जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी परत दारात. आत बापू. स्क्रीनकडे न बघता बोट दाखवून म्हणाले, "हे काय बसलंय?" जणू काही कबुतर येऊन बसलं होतं.

"नानांनी बसवून घेतलं."

"मी नाव विचारलं नाही. मला याच्याशी काही देणंघेणं नाही. पण गाडी निम्मी माझी, म्हणजे हेही निम्मं माझं. माझाही फोन जोडा."

"निम्म्या स्क्रीनला जोडू की अख्ख्या?"

बापूंनी विचार केला. म्हणाले, "अख्ख्या."

झालं, एका गाडीला दोन फोन. आता याची गंमत अशी असते की एकदा ओळख झालेला फोन गाडी विसरत नाही. किल्ली फिरवली की तिला जवळपासचा ओळखीचा जो फोन आधी सापडेल तो ती धरते. मालक गाडीत बसलाय की ओट्यावर, हे तिला कळत नाही. आणि गाडी उभी राहायची बरोबर बापूंच्या ओट्याला लागून.

आठवड्याभरातच नानांचा फोन आला. "सादिक, याचा फोन माझ्या गाडीत घुसतो. सकाळी मी भाजीला निघालो तर आत त्याचं दुकान. एक माणूस मला विचारतोय, कपाशीचं बी आलं का म्हणून!"

लगेच बापूंचा. "सादिकभाऊ, हा माझे फोन चोरून ऐकतो. मी ओट्यावर हॅलो हॅलो करत बसतो, अन माझं गिऱ्हाईक तिकडे गाडीत बोलत असतं. वर हा त्याला सांगतो, बी संपलं!"

"मी सांगतो ते खरं असतं," असं नाना नंतर मला म्हणाले. "संपलंच होतं."

शिवाय मागचा कॅमेराही मधूनच आपोआप लागतो, अशी नानांची तक्रार होती. तेव्हा औजारांची पिशवी घेऊन सकाळच्या गाडीने मी अमळनेरला गेलो.

दोघांनाही आधी विचारलं, की एकाचा फोन काढून टाकू का. नाना म्हणाले, त्याचा काढ. बापू म्हणाले, त्यांचा काढा. म्हणून तो विषय बाजूला ठेवून मी कॅमेऱ्याकडे वळलो. चौकट खोलली, स्क्रीन बाहेर काढली आणि तारांना लोंबती ठेवून डॅशबोर्डखाली शिरलो. माझे पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. नाना ड्रायव्हरच्या जागेवर. बापू ओट्यावर, बनियनवर, आमच्याकडे पाठ करून, पण कान इकडे.

"नाना, किल्ली फिरवा," मी म्हटलं.

नानांनी फिरवली. स्क्रीन लागली आणि लगेच घंटी वाजायला लागली. लोंबत्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, 'धुळे स्थळ'.

नाना खूश झाले. "अरे, नकाशा लागला! धुळे स्थळ दाखवतोय. पण आपल्याला धुळं नको, पद्मालय पाहिजे." असं म्हणून त्यांनी हिरवं बटण दाबलं.

स्पीकरमधून भारदस्त आवाज आला. "नमस्कार बापूसाहेब. धुळ्याहून दिलीपराव बोलतोय. मुलाचा बाप."

नाना नकाशाकडे बघत राहिले. नकाशाला मुलगा असेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

दिलीपराव पुढे म्हणाले, "तुमची पल्लवी आम्हाला सगळ्यांना पसंत आहे. मुलालाही आहे. फक्त एक गोष्ट कानावर आली, म्हणून स्पष्टच विचारतो. तुमच्या घरात मोठ्या भावाशी बोलणं नाही म्हणे? आमच्या मंडळींना एकोप्याचं घर हवंय. तसं काही असेल तर आत्ताच थांबलेलं बरं."

पल्लवी म्हणजे बापूंची एकुलती एक मुलगी, नाशिकला नोकरीला असलेली. याच गाडीवर नानांनी तिला गाडी शिकवली होती. दोघा भावांचं बोलणं बंद झाल्यावरही सुट्टीत आली की ती आधी नानांच्या दारातून घरात शिरायची. तिचं लग्न जमतंय हे नानांना आत्ता, या क्षणी, स्पीकरमधून कळत होतं. मला खालून फक्त त्यांचा उजवा पाय दिसत होता. तो ब्रेकवर घट्ट दाबलेला होता. बंद गाडीत.

ओट्यावर बापू स्वतःच्या मोबाइलकडे बघून ओरडत होते, "हॅलो? हॅलो! कोण बोलतंय?"

नाना घसा खाकरून म्हणाले, "कोणी सांगितलं हो तुम्हाला असं? मोठा भाऊच बोलतोय मी."

"अस्सं? मग फोन तुमच्याकडे कसा?"

"आमच्यात तुझं-माझं नाही. ज्याच्या हाताला लागेल तो उचलतो. बापू हा काय, माझ्या शेजारीच बसलाय."

शेजारच्या जागेवर माझी पिशवी होती.

"मग द्या ना जरा," दिलीपराव म्हणाले.

नानांनी काचेतून बापूंना हाताने बोलावलं. तोंडाने हाक मारायची सोय नव्हती, शेजारी बसलेल्या माणसाला कोण हाक मारतं? पण इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना हातवारे केले होते ते फक्त 'चल हट' अशा अर्थाचेच. बापूंना वाटलं, नेहमीचंच. त्यांनीही उलट तसाच हात केला. नानांनी दोन्ही हात केले. बापूंनी पण दोन्ही केले.

शेवटी मी सरपटत बाहेर आलो, टॉर्च तोंडात तसाच, आणि बापूंचा दंड धरून त्यांना गाडीकडे ओढलं. "धुळेवाले!" एवढंच टॉर्चभोवतून म्हणालो. पिशवी मागे फेकून ते शेजारी बसले.

"हो हो, दिलीपराव, इथेच आहे. दादाच्या शेजारी. मघापासून."

"वा! आवाजावरून कुठेतरी निघालेले दिसता?"

"पद्मालयाला, दर्शनाला," नाना म्हणाले.

"शेतावर," त्याच क्षणी बापू म्हणाले.



"म्हणजे आधी शेत, मग पद्मालय," बापू म्हणाले.

"वाटेतच शेत आहे," नाना म्हणाले. त्यांचं शेत अगदी उलट दिशेला आहे.

दिलीपराव एकदम उत्साहात आले. "अहो, मग योगायोगच म्हणायचा! आम्ही नवरा-बायको आत्ता पारोळ्याला आहोत, जळगावला चाललोय. आम्हीही पद्मालय करतो. तिथेच भेटू. दोघा भावांना एकत्र बघितलं की आमच्या मंडळींचंही समाधान होईल." आणि फोन बंद.

नाना समोरच्या भिंतीकडे बघत बसले. बापू बनियनकडे. घरात हे लोक अहिराणी बोलतात. नाना म्हणाले, "पोरनं लगीन ठरी ऱ्हायनं, अन माले हाई गाडी सांगस?"

"मी अक्काले सांगेल व्हतं, तुले सांगाले," बापू पुटपुटले.

अक्का दारातच उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी नही सांगं. तुम्हनं तुम्ही सांगा. मी काय तुम्हनी स्क्रीन शे का?"

बापू उठले, धावत आत गेले आणि शर्टाची बटणं लावत परत आले. नानांनी गाडी सुरू केली. मी म्हटलं, "नाना, स्क्रीन अजून उघडी आहे. मला तासभर द्या."

"वेळ नही शे. तू ती धरीसन बैस."

तर अशी आमची वरात निघाली. पुढे दोघे भाऊ, आणि मागच्या सीटच्या अगदी टोकाला मी, दोघांच्या मधून डोकं घालून, स्क्रीन दोन्ही हातांत धरलेली. तारा आखूड होत्या, त्यामुळे माझी हनुवटी हँडब्रेकच्या वर. खड्डा आला की मी नमस्कार करायचो. दोघांचं एकमेकांशी पुन्हा बोलणं बंद, पण आता दोघांचेही निरोप माझ्याकडे यायचे. "सादिक, त्याला विचार, मुलगा काय करतो?" "सादिकभाऊ, सांगा, धुळ्यात इंजिनियर आहे." तिघांची डोकी एका वितीच्या आत होती.

एरंडोल गेलं. आणि तो फाटा आला.

नानांनी गाडी थांबवली. उजवीकडे एक रस्ता, डावीकडे एक. ज्या क्षणासाठी नानांनी गाडी कापू दिली होती तो क्षण आला होता. दोघांनी माझ्या हातातल्या स्क्रीनकडे बघितलं. मीही बघितलं. धक्क्यांनी कॅमेऱ्याची तार भलतीकडे टेकली होती आणि स्क्रीनवर मागचा रस्ता दिसत होता. एरंडोलहून आम्ही आलो तो. अतिशय स्वच्छ, एकेक दगड दिसत होता.

"हा तर आपण आलो तो रस्ता," बापू म्हणाले.

"तेवढं मलाही कळतंय," नाना म्हणाले. या वेळी निरोप माझ्यामार्फत नव्हता. थेट बापूंनाच म्हणाले.

मी तारा हलवल्या. आता तोच रस्ता उलटा दिसायला लागला.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. नानांनी काच खाली केली. "माय, पद्मालयले कोनता रस्ता जास?"

"दोन्ही जातस," म्हातारी म्हणाली.

"पण जवळचा कोणता?" बापू पुढे वाकले.

"सारखाच शे. डावाकडे नाला शे, उजवाकडे खड्डा शे. काय पाहिजे ते ल्या." आणि ती शेळ्यांमागे निघून गेली.

मला हसू येत होतं, पण स्क्रीन हलली असती. नाना हळूच म्हणाले, "चाल, डावीकडून जाऊ. तू म्हणत होतास ना."

"नाही, नाही. उजवीकडूनच. तू मोठा आहेस."

"अरे मी म्हणतो ना डावीकडून!"

"अन मी म्हणतो उजवीकडून! एवढी वर्षं तेच म्हणत होतास ना?"

पुन्हा तेच भांडण, फक्त बाजू बदललेल्या. मागून मोटारसायकलवाला हॉर्न मारायला लागला, तो आम्हाला स्क्रीनवर व्यवस्थित दिसत होता. मी म्हटलं, "व्याही पोहोचले असतील." तेव्हा कुठे नानांनी गाडी घातली. कोणत्या बाजूला, ते मला आठवतं, पण सांगणार नाही. दोघांनीही मला शपथ घातली आहे.

दिलीपराव आणि त्यांच्या मंडळी देवळाबाहेर झाडाखाली उभे होते. नाना-बापू एकाच वेळी दोन दारांनी उतरले. मला उतरता येईना, कारण स्क्रीन सोडली असती तर खाली आपटली असती. दिलीपरावांनी वाकून आत बघितलं. एक दाढीवाला माणूस नऊ इंची स्क्रीन छातीशी धरून बसलेला.

"हे कोण?"

"हे आमचे सादिकभाऊ, घरचेच," नाना म्हणाले.

"आणि हे असे..."

"यांना आवड आहे," बापू म्हणाले.

मी मान डोलावली. माणसाचं लग्न ठरत असेल तर एवढं करावं लागतं.

बाकी बोलणं मी काचेतून ऐकलं. नाना पल्लवीबद्दलच सांगत होते. ती गाडी घाटातही कशी सफाईने चालवते, तिला भरताबरोबर ज्वारी-उडदाची, कळण्याचीच भाकरी कशी लागते, लहानपणी ताप आला की कोणाच्या मांडीवर झोपायची. बापू ऐकत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी नानांना दिला. नानांनी डोळे पुसले, परत दिला. दिलीपरावांच्या मंडळींनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. दिलीपराव म्हणाले, "लोक उगाच काड्या घालतात हो. आमची शंका फिटली. साखरपुडा धुळ्यात करू."

साखरपुड्याला मी गेलो, लग्नालाही. लग्नाच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. दोन्ही भाऊ आता माझ्याकडे एकत्रच येतात आणि एकमेकांशी इतकं बोलतात की मला काम सुचत नाही. गाडीतले दोन्ही फोन तसेच आहेत. काढू का म्हणून विचारलं तर दोघेही दचकले.

या धंद्यात एक वाईट वाटतं. मी काढलेले सगळे जुने टेप दुकानाच्या माळ्यावर पडून आहेत. काहींत अजून कॅसेट अडकलेली आहे आणि ती कोणी परत मागायला येत नाही. तो टेप गाडीतल्या सगळ्यांना मिळून एकच गाणं ऐकवायचा. आता ज्याचा फोन त्याचं गाणं. असो.

लग्नानंतर काही महिन्यांनी दिलीपराव एकटेच दुकानात आले. गाडी जुनीच होती, पण नीट ठेवलेली. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, पल्लवी मजेत असल्याचं आणि अमळनेरच्या गाडीचा सगळा किस्सा तिनेच ऐकवल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "अमळनेरला बसवलीत तशीच एक आमच्याकडे बसवा. अगदी तशीच. ती नाही का, भलत्याचाच फोन मध्ये लागतो?"

मी म्हटलं, "दिलीपराव, तो तर बिघाड आहे. तुम्हाला मी त्याहून चांगली देतो. एका वेळी एकच फोन, दुसरा मध्ये येणारच नाही."

"नको, नको. तो बिघाडच पाहिजे." त्यांनी रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. मग स्टूल थोडं माझ्याकडे ओढून हळू आवाजात म्हणाले, "सादिकभाऊ, आम्ही तिघं भाऊ आहोत. तिघांचे फोन बसतील ना?"